तळ्याकाठचा दहीभात

गाव सोडलं त्या सकाळी आत्याबाईंनी माझ्या तळहातावर दही घातलं आणि मी ते चाटून संपवायच्या आतच दम दिला, "पोरी, गाडी वेशीभाईर पडली का मागं वळून बघायचं नाय. वळून बघितलं का घर पाय वढतं, मंग कुठंच जीव लागत नाय." आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा शब्द मोडायची आमच्या घरात बैलाचीसुद्धा टाप नव्हती. पण अडचण अशी की बैलगाडीत ट्रंक, हंडा आणि जातं पुढे रचलेलं, त्यामुळे मला जागा मिळाली ती मागच्या टोकाला, पाय खाली सोडून आणि तोंड थेट गावाकडे करून. आता न बघू तर काय करू? वेस आली तशी मी धडपडत उठले, फिरले आणि जात्याला टेकून बैलांच्या शेपट्यांकडे तोंड करून बसले. मोटारीच्या रस्त्यापर्यंत मी त्या दोन शेपट्याच बघत होते. त्या वेळी आत्याबाई वेशीत उभ्या होत्या की गाडी हलल्याबरोबर घराकडे वळल्या, हे मला कळलं नाही.

हे मी लिहिते आहे ते तुमच्यासाठी, गडाच्या पायथ्याशी राहिलेल्या बायांनो. तुमच्यातल्या ज्या पुढे ट्रंका घेऊन निघालात, कुणी मनमाडला, कुणी मुंबईला, त्यांच्यासाठीही. मला लिहिता येतं याचं तुम्हाला नवल वाटेल. आमचे हे नाशकात एका छापखान्यात कंपोझिटर आहेत, म्हणजे शिशाचे खिळे एकाला एक जुळवून ओळी लावतात. चुकलेली प्रुफं घरी घेऊन यायचे आणि त्यांच्यावर मला अक्षरं शिकवायचे. त्यामुळे माझा पहिला धडा दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकांवर झाला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढं मी आजही झोपेत वाचू शकते.

पहिलं बिऱ्हाड होतं शहरात, दाट आळीत. नळाला पाणी यायचं आणि त्या नळावर सगळ्या आळीच्या बातम्या भरल्या जायच्या. आल्या दिवसापासून मला एकच विचारणा, "काय गं, मूलबाळ?" मी "नाही अजून" म्हणायचे. पहिल्या वर्षी त्या 'अजून'ला काही अर्थ होता. पुढे पुढे तो शब्द मीच गिळायला लागले.

एकदा समोरच्या घरी बारसं होतं. बोलावणं सगळ्या आळीला, त्यात मीही. नवं लुगडं नेसून गेले आणि पाळण्यापाशीच उभी राहिले. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' सुरू झालं. बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, पाळण्याखालून, पाळण्यावरून फिरत माझ्यापर्यंत आलं. मी हात पुढे केले. बाळाच्या आजीने ते माझ्या हातांवरून अलगद उचललं आणि पलीकडच्या बाईला दिलं. "तू जा बाई, घुगऱ्या वाट," असं गोड आवाजात म्हणाली. माझे हात तसेच पुढे राहिले होते. ते कुठे न्यावेत ते कळेना, म्हणून मी पदर नीट केला. मग घुगऱ्या वाटल्या. द्रोण कमी पडले तर घरून आणून दिले.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, मला उजेडाची खोली हवी, इथं कोंडल्यासारखं होतं. खरं कारण सांगायची मला लाज वाटली. त्यांनी ओळखलं असेल, पण विचारलं नाही. कंपोझिटर माणूस खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचतो, बायकोचा चेहरा सरळ असून त्याला वाचता येत नाही.

अशा तऱ्हेने आम्ही मखमलाबादच्या वाटेला, शहर संपतं तिथं राहायला आलो. घरासमोर एक तळं होतं. गावाला निरोप धाडला की आम्ही तळ्याकाठी राहतो, आणि तुम्ही सगळ्यांनी दगडी पायऱ्या आणि देऊळ डोळ्यांपुढे आणलंत. मी ते तसंच राहू दिलं. खरं तर ते वीटभट्टीवाल्यांनी माती उकरून उकरून केलेलं डबकं होतं, पावसाने भरून भरून त्याचं तळं झालेलं. एका अंगाला म्हशी बसत, एका अंगाला म्युनिसिपालिटीची गाडी कचरा ओतून जाई. उरलेल्या दोन अंगांना पाणकणसांचं उंच गवत उभं होतं आणि काठावर वाकडी बाभूळ. शेजार एकच, शकूराबीचा. तिचा नवरा पिंजारी, खांद्यावर कापूस पिंजायची कमान घेऊन दारोदार गाद्या भरायला जायचा. शकूराबी दिवसभर कोंबड्यांशी भांडायची. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "कोंबड्या पाळनार का?" मूलबाळ विचारलं नाही. मी तिथंच तिची झाले.

त्या वर्षीच्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा आत्याबाईंनी मला गोठ्यात बोलावलं. आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी गोठ्यात बोलल्या जातात, हे तुम्हाला माहीत आहे. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "निफाडकडं येक पोरगी हाय. गरिबाची हाय, कामाला वाघीन हाय. तुझ्या हाताखाली ऱ्हाईल. तुझं घर तुझंच." मी म्हशीपुढची वैरण सारखी करायला लागले. मग त्यांनीच आवाज उतरवला. "आधी आसरांना इचारू. वरीसभर. पुढल्या तुळशीच्या लग्नापातुर."

साती आसरा तुमच्या ओळखीच्याच. शहरात वाढलेल्या लेकींसाठी सांगते की त्या पाण्याकाठी राहणाऱ्या सात जणी, सात शेंदरी दगडांच्या रूपाने मांडायच्या. त्यांना दहीभात आवडतो. आत्याबाईंनी व्रताची रीत बजावून सांगितली. दर शुक्रवारी दिवस उगवायच्या आत जायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, पानावर दहीभात ठेवायचा, पदर पसरून मूल मागायचं आणि मागं वळून न बघता घरी यायचं. दुसऱ्या सकाळी पान साफ असलं तर त्यांनी घेतलं. आणि वळून बघितलं तर सगळं पाण्यात. "त्यांना बघायचं नसतं बाईमानसानं," आत्याबाई म्हणाल्या.

घरी परतताना मी ह्यांना एवढंच विचारलं, "तुम्हाला हवी आहे का ती निफाडची?" हे मोटारीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला काय विचारतेस? आईला दुखवायला नको." मला असा संताप आला की वाटलं, मोटारीतून उतरून चालत जावं. उतरले नाही, कारण जाणार कुठे? आणि संताप करायचा हक्क तरी मला कुठे होता, रिकाम्या कुशीच्या बाईला? असंच मला तेव्हा वाटायचं. खोटं कशाला सांगू, अजूनही अधूनमधून वाटतं.

पहिला शुक्रवार आला आणि पहिलीच फजिती झाली. मातीच्या त्या तळ्याला दगड कुठले? काठावर भट्टीतल्या जळक्या विटांचे तुकडे तेवढे पडलेले. मी सात तुकडे निवडले, ओळीने उभे केले आणि शेंदूर माखला. शेंदूर लावल्यावर वीट काय नि दगड काय, अशी मनाची समजूत घातली. दहीभात ठेवला, पदर पसरला, मूल मागितलं. वळले आणि चालू लागले. पाच-पंचवीस पावलं गेले असेन, तोच मागे पाणकणसांत कुणीतरी घसा खाकरल्यासारखं "क्वाक" केलं. आणि मी वळले. विचार करून नाही वळले हो. हाक आली की मान वळते, तशी वळली.

पानावर एक पाणकोंबडी उभी होती. अंगाने काळपट, पण तोंड आणि छाती चुना फासल्यासारखी पांढरी. पायाची बोटं अंगापेक्षा मोठी वाटत होती. एक घास घेई, शेपटी वर उडवी, शेपटीखालचा तांबूस रंग दाखवी, इकडेतिकडे बघे आणि पुन्हा एक घास. दही चोचीला लागलं की मान झटकून टाकी. मी श्वास धरून बघत राहिले. ती माझ्याकडे बघून पाणकणसांत शिरली, तेव्हा कुठे मला आठवलं की मी वळले आहे आणि वर्षभराचं व्रत पहिल्याच दिवशी माझ्या मानेने बुडवलं आहे. घरी येऊन मी देवापुढे बसून रडले.

पुढच्या शुक्रवारी मी वळणारच नव्हते. पण गेला शुक्रवार वाया गेलाच आहे, मग आणखी एकदा बघितलं तर काय बिघडणार, असा विचार पाऊलभर आधी आला आणि मी वळले. त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी वळले. गोड चोरून खाणाऱ्या पोरासारखी माझी गत झाली होती. शेवटी शेवटी तर मी दहीभात ठेवून बाभळीआड उभीच राहायचे. शकूराबीला सगळं माहीत होतं. मी मुकाट्याने जाताना ती मुद्दाम पाठ फिरवायची, म्हणजे मला बोलायचा मोह नको. एकदा दुपारी मात्र दळता दळता म्हणाली, "तुझा भात लाजरी खाती बरं का." मी विचारलं, "लाजरी कोण?" "तीच की. पान्याची कोंबडी. मानूस दिसलं का लपती, म्हनून लाजरी." मग जात्याचा खुंटा धरून पुढे म्हणाली, "मी कुनाला बोलनार नाय. कोंबडीच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?"

तळं मला असं शुक्रवारांनी शिकवलं. शेतातले पक्षी मला ठाऊक होते, पण शेतात आपण त्यांना हाकलायला जातो, बघायला नाही. कार्तिकात परीट आले, शेपटी आपटत काठाकाठाने धावणारे, धुणं आपटल्यासारखे. पौषात एका सकाळी धुकं उठलं तर पाणी बदकांनी झाकलेलं, आणि ती आपसांत अशी कुजबुजत होती की मला आळीतला नळच आठवला. फक्त इथं माझ्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. टिबुकली बुडी मारायची आणि ती कुठून वर येईल याची मी मनाशी पैज लावायचे. वंचक बगळा चिखलात इतका स्तब्ध उभा असायचा की ढेकूळ वाटावं, आणि उडाला की आतून पांढराशुभ्र. गावच्या घरातही मी अशीच कोपऱ्यात उभी असायचे, पण उडून दाखवायला माझ्याकडे पांढरं काही नव्हतं.

माघातली गोष्ट. बदकं जायच्या तयारीत होती, पहाटे सगळी एकदम उठायची, तळ्यावर फेरी मारून पुन्हा बसायची. ते बघून घरी आले, चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि हात तिथंच थांबला. मी मूल मागायचं विसरले होते. पदर पसरला होता, हात जोडले होते, आणि आत कुठेतरी बदकं आज जातील की उद्या एवढंच चाललं होतं. बायांनो, त्या क्षणी मला जी लाज वाटली तशी बारशातही वाटली नव्हती. तिथं दुसऱ्यांनी मला लाजवलं होतं. इथं मला मिळालेल्या वर्षातला एक शुक्रवार मी आनंदात घालवला होता. ज्या बाईची सवत दाराशी उभी आहे तिने आनंदात राहावं? पुढच्या शुक्रवारी मी दोनदा मागितलं.

चैत्रात पाणी मागे सरलं. वैशाखात तळ्याच्या मधोमध म्हशींपुरता चिखल उरला आणि बाकी सगळीकडे भेगा. काठावर टिटवीने उघड्यावर अंडी घातली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नावाने शिमगा केला. गायबगळ्यांची डोकी भगवी झाली. पाणकणसं वाळून पिवळी पडली आणि लाजरी कुठे गेली कुणास ठाऊक. एका शुक्रवारनंतर दुसऱ्या सकाळी जाऊन बघते तर भात पानावर तसाच, वर मुंग्या. एवढे दिवस पाणकोंबडी खाते हे मला डोळ्यांनी दिसत होतं, तरी रिकाम्या पानाने मला धीर यायचा. आणि आता भात तसाच बघून मला वाटलं, आसरांनी तोंड फिरवलं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा राहतात ते मला विचारू नका. राहतात.

त्याच आठवड्यात माझे चुलत दीर नाशकाला बाजाराला आले. आत्याबाईंचा निरोप एका वाक्याचा, "घेत्यात का?" मी मान खाली घालून म्हटलं, "सांगा, पान साफ असतं." आणि ते खरं व्हावं म्हणून पुढच्या शुक्रवारी भात ठेवला, मागितलं, आणि उजाडल्यावर पान उचलून शकूराबीच्या कोंबड्यांपुढे ओतलं. पाऊस लागेपर्यंत आसरांचा दहीभात पिंजाऱ्याच्या कोंबड्यांनी खाल्ला. शकूराबीने मध्यंतरी अंडी आणून दिली तर मला ती फोडवेनात. "घे गं," ती म्हणाली, "तुझ्याच भाताची हायेत." आम्ही दोघी हसलो, आणि घरात येऊन मी दार लावून घेतलं.

आषाढात तळं भरलं, पाणकणसं पुन्हा हिरवी झाली आणि एका पहाटे "क्वाक, क्वाक" सुरू झालं ते थांबेचना. लाजरी आली होती, तीही जोडीने. मला इतका आनंद झाला की वळायचं सोडाच, मी चांगली जाऊन काठावर बसले. पण श्रावण संपत आला तशी माझी भूक गेली. निफाडच्या घरी बोलणी पुढे गेल्याचं कानावर येत होतं. हे छापखान्यातून येत, जेवत, प्रुफं उघडून बसत. एकदा त्यांच्या हातात एका लग्नाची पत्रिका होती आणि मी वधूचं नाव आधी वाचलं. पत्रिका आमच्या घरची नव्हती. तरी त्या दिवशी मला अन्न गेलं नाही.

पोळा झाला आणि निरोप न धाडता आत्याबाई स्वतःच आल्या. शेतातलं काम मध्ये थोडं थांबलेलं, म्हणून. तळं बघून दारातच थबकल्या. "हेच का गं तळं?" मी हो म्हटलं. शरमेने कान तापले. त्यांनी कचऱ्याकडे बघितलं, म्हशींकडे बघितलं. पण "पानी हाय, मंग त्या बी असतील" एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी शकूराबीला गाठलं आणि मी आत भाकरी थापताना कान बाहेर लावून बसले. "तू समोरच ऱ्हातीस. पान साफ असतंय का गं?" शकूराबीने एक क्षणही घेतला नाही. "धुतल्यावानी," ती म्हणाली, "मी शप्पथ घेते." माझी भाकरी तव्यावर करपली.

शुक्रवारी पहाटे दोघी निघालो. आत्याबाईंनी विटांचे तुकडे बघितले, एक हातात घेऊन जोखला, परत जागेवर ठेवला आणि वर शेंदूर लावला. दहीभात त्यांनीच ठेवला. मागताना त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. त्या काय मागत होत्या, माझं मूल की मुलाचं मूल, ते मला कळलं नाही. मग आम्ही वळलो. त्या दिवशी मी मान अशी ताठ धरली होती की दुखायला लागली. आज तरी एक शुक्रवार सरळ होऊ दे, एवढंच चाललं होतं. आणि पाणकणसांतून आवाज आला. मी चालतच राहिले. चार पावलांनी लक्षात आलं की पाऊल एकटं माझंच वाजतं आहे.

मी थांबले, पण वळले नाही. पाठमोरीच उभी राहिले. मग आत्याबाईंचा आवाज आला, असा हळू की मला वाटलं कुणी दुसरंच बोलतंय.

"अनसे, इकडं बघ."

"नको आत्याबाई, तुम्हीच म्हणालात..."

"म्हनले आसंन. बघ तू."

मी वळले. पानावर लाजरी होती आणि तिच्या मागे पाणकणसांतून एकेक करत पिलं बाहेर येत होती. काजळाच्या गोळ्यांसारखी काळी, आणि पाय मात्र मोठ्या माणसाची वहाण घातल्यासारखे. आई एक शीत उचलायची आणि पिलाच्या चोचीपुढे धरायची. एक पिलू दह्यात पडलं आणि पांढरं होऊन उठलं.

आत्याबाई तिकडेच बघत बोलू लागल्या. "मी बी वळले व्हते. सासूनं मला आसंच पाठिवलं व्हतं, गडाखालच्या कुंडावर. वळून बघते तर कावळा. मेला भात खाऊन दगडावर चोच पुशीत व्हता." पुढे म्हणाल्या, "मंग तुझा नवरा झाला. पर त्याच्या पाठची दोघं गेली. मला वाटलं, मी वळले म्हनून गेली. आजपातुर कुनाला बोलले नाय."

एवढी मोठी बाई, जिच्या आवाजाने गोठा हलायचा, ती ही शरम घेऊन चुलीपुढे बसत होती, मला दम देत होती, तिच्यासारखं माझं होऊ नये म्हणून मला बजावत होती. मला राहवलं नाही. "आत्याबाई, मी दर शुक्रवारी वळते."

"दर?"

"पहिल्या शुक्रवारापासून. आणि वैशाखात ही नव्हती, तेव्हा भात शकूराबीच्या कोंबड्यांना घातला. तुम्हाला निरोप खोटा दिला. आणि एकदा तर मागायचंच विसरले, बदकं बघत."

त्यांनी पदर तोंडावर घेतला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. "कोंबड्यांना!" एवढंच म्हणत होत्या. आणि मग हसता हसता खरंच रडल्या, ओल्या गवतावर बसून, पाय पसरून, तसं मी त्यांना मयताच्या घरीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. त्यांच्या अंगाला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं. ऊन बाभळीच्या शेंड्यावर येईपर्यंत आम्ही बसून होतो. पान साफ झालं. उठताना त्या म्हणाल्या, "आईची छाती येवढी पांढरी आन पोरं बघ, चुलीतून काढल्यावानी."

निफाडच्या गोष्टीवर त्या अक्षर बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. मोटारीत बसताना माझ्या गालावरून त्यांनी हात फिरवला, एवढंच. मी घरी येऊन तुळशीच्या लग्नाची वाट बघत बसले, फाशीची वाट बघावी तशी. तुळशीचं लग्न झालं. गावाहून चुलत दीर आले आणि म्हणाले की निफाडची मुलगी दुसरीकडे दिली. आत्याबाईंनी भावकीला बसवून सांगितलं होतं, "आसरांनी घेतलं. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं." त्यात खोटा एक शब्द नव्हता. हे ऐकून आमचे हे "बरं झालं" म्हणाले आणि कितीतरी वेळ एकच प्रूफ वाचत राहिले. मला त्यांचा राग यायचा तो त्या दिवसानंतर पूर्वीइतका आला नाही.

मूल झालं नाही. आता होईलसं वाटत नाही. तुम्ही गावात बोलता ते माझ्या कानावर येतं, "आसरांनी घेतलं म्हनती, मंग पोर कुठाय?" हे तुम्ही मला विचारत नाही, आत्याबाईंना विचारता, आणि त्या वाकून शेण गोळा करत राहतात. माझ्या वाट्याचं ऐकून घ्यायला त्या तिथं उभ्या आहेत आणि मी इथं खंड्या बघते, याची मला लाज वाटते. मूल नसल्याची जेवढी वाटायची त्याहून जास्त वाटते. म्हणून हे सगळं लिहिलं. विचारायचं असेल तर यापुढे मला विचारा.

मी अजून शुक्रवारी जाते. आता काही मागत नाही, दहीभात तेवढा ठेवते. तळ्याच्या एका बाजूला प्लॉट पडले आहेत आणि कुंपणाच्या तारा आल्या आहेत. आता ती लाजरी नसेल, तिच्या लेकीसुना असतील. शहरात कुणी घर विचारलं तर मी तळ्याकडे हात करते. पण "कुठल्या तुम्ही?" म्हटलं की तोंडात गावच येतं, आणि दोन्ही उत्तरं देताना मला थोडं खोटं बोलल्यासारखं वाटतं.

दिवाळीला आम्ही गावी येतो आणि भाऊबीज झाली की निघतो. गाडीत मी मुद्दाम मागच्या टोकाला बसते, पाय खाली सोडून, तोंड गावाकडे करून. आत्याबाई हातावर दही घालतात. दम देत नाहीत. आता त्यांना लांबचं दिसत नाही, तरी वेशीपर्यंत काठी टेकत येतात आणि दगडाला धरून उभ्या राहतात. गाडी वळणावर पोचली की मी हात वर करते. तो त्यांना दिसत नाही, म्हणून मी मोठ्याने ओरडते, "बघतेय हो आत्याबाई!" मग त्या मान हलवतात आणि घराकडे वळतात.